डावा खांदा! डावा खांदा! डावा खांदा!

डोकं फिरलंय आज. स्केटिंगमधली एक उडी शिकण्यात दोन वर्षं गेली, एका खांद्यापायी!

बेळगावात बर्फ कुठला? मी चार चाकांच्या क्वाड स्केट्सवर आर्टिस्टिक स्केटिंग करते. वय 41. पहाटे साडेपाचला टिळकवाडीतून स्कूटीवर निघायचं, पोरांच्या डब्याच्या वेळेला परत. वॉल्ट्झ जंप, म्हणजे अर्ध्या फेरीची सोपी उडी, जमते, फिरक्याही बऱ्या होतात. साल्काव नावाची उडी मात्र जमत नाही म्हणजे नाही! स्वीडनच्या उलरिक साल्काव यांनी 1909 साली मारलेली उडी, आमच्या रिंकवरची नऊ वर्षांची पोरगी बोलता बोलता मारते.

डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या चाकांवर झुकून, पुढे जायचं, थ्री-टर्न घ्यायचा, म्हणजे त्याच एका पायावर पुढून मागे वळायचं, त्याच पायाच्या आतल्या कडेवर उलटं सरकायचं. आणि वळल्या वळल्या वरचं अंग थोपवायचं. डावा हात पुढे, उजवा हात आणि उजवा पाय मागे. तो थांबा मिळाला तरच उजवा पाय झोकून उडी उचलता येते. माझी कंबर वळते आणि डावा खांदा तिच्यासोबत मोकाट सुटतो. अंगातला सगळा पीळ उडीआधीच संपलेला! वळण आवळत जातं, चाकं खर्रकन घासतात, मी चार बोटं वर उठते आणि दोन्ही पायांवर आदळते. उतरायचं असतं एकट्या उजव्या पायावर, बाहेरच्या कडेवर.

मंगळवारी मोबाईलवर व्हिडिओ काढून घेतला. थांबवून थांबवून बघितला. डावा हात चक्क पाठीमागं! आणि मी शपथेवर सांगितलं असतं की तो पुढेच होता. संताप याचाच येतो. आपलंच अंग आपल्याशी खोटं बोलतं, दुरुस्त करायचं तरी काय?

सर कन्नडमधून ओरडून दमले, "मॅडम, भुज! भुज!" म्हणजे खांदा, खांदा! शेजारच्या काकू म्हणतात, "या वयात कशाला हे, बाई?" वयाचा काय संबंध? गुडघे ठणठणीत आहेत माझे. शिकायला लागले तेव्हा पडायच्या भीतीनं खांदा फेकून वळायची, कुणी अडवलं नाही, ती खोड हाडात बसली. वय मध्ये आणलं की सगळ्यांचं बोलणं तिथंच संपतं, खांद्याकडं कुणी बघतच नाही! आणि मी मूर्खासारखी स्केट्सवर खर्च करत बसले. चाकांचा आस धरणाऱ्या ट्रकचे नट सैल केले, रबरी कुशन बदलले, चाकं नवी घातली. स्केट्सचा काही दोष नव्हता हो!

आज अकरा वेळा उडी मारली. अकराही वेळा दोन पायांवर. मग सरांनी कठड्याशी उभं केलं. डाव्या हातानं कठडा धरून नुसतं वळायचं, थांबायचं, तीन आकडे मोजायचे. वीस वेळा केलं. वीसही वेळा खांदा जागेवर!

कठडा सोडला. पहिल्याच फेरीला गेला मागं.