‘हौसेचा बाजार’ म्हणणाऱ्या दादांना

दादा, आमच्या मंडळाच्या ऑक्टोबरातल्या कार्यक्रमावरच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते आधी इथं देते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना शोधत बसायला नको. ‘स्तनाच्या कॅन्सरच्या नावाखाली नटूनथटून मिरवायचं, गाणी म्हणायची, फोटो काढायचे. निव्वळ हौसेचा बाजार. रॅम्पवर चालून कुणाची गाठ विरघळते का? हॉलच्या भाड्यात किती मॅमोग्राफी झाल्या असत्या? त्यानंतर किती बायकांनी तपासणी करून घेतली, आकडा द्या. आणि गुलाबी फितीचं साल तरी नीट लिहा.’

सालाचं तुमचं बरोबर आहे. ऑक्टोबर महिना या आजाराच्या जागृतीसाठी पाळायला अमेरिकेत १९८५ साली सुरुवात झाली, या जागृतीची खूण असलेली गुलाबी फीत आली १९९२ मध्ये. मी दोन्ही एकाच सालात घातलं होतं. लेखात दुरुस्त केलंय. चूक ती चूक, आणि ती दाखवल्याबद्दल मनापासून आभार.

आता बाकीचं. प्रश्न विचारायला कुणाची ना नाही, पण विचारायची एक रीत असते. गल्लीत गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांनाही आपण उंबऱ्यावर असं बोलत नाही. त्या संध्याकाळी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या त्या हॉलमध्ये स्टेजवर चाललेल्या बायकांपैकी पाच जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. एकीची केमो चालू होती, डोक्याला रुमाल बांधून आली होती. तिनं तुमचं ‘मिरवायचं’ वाचलं. दुपारी मला फोन केला आणि एवढंच विचारलं, ‘ताई, आपलं चुकलं का?’ हे उत्तर लिहायला बसले ते त्या फोनमुळं.

हौस म्हणालात ना? मग हौसेबद्दलच बोलू.

माझ्या आईला २००८ च्या नवरात्रात अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ लागली. नऊ दिवस उपास, पहाटे अंबाबाईचं दर्शन, घरात घट. तिनं कुणाला सांगितलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मला सांगितलं ते गुढीपाडव्याला, तेही मी तिला हळदीकुंकवाचं ताट वर ठेवायला सांगितलं आणि तिचा हात वर जाईना म्हणून. का लपवलंस, म्हटलं, तर म्हणाली, ‘कुणाला सांगू गं? जाऊबाईंला सांगितलं की गल्लीभर होतंय. आणि त्या जागेचं नाव तरी कसं घ्यायचं, दादा समोर असताना?’ दादा म्हणजे माझे वडील. तीस वर्षांचा संसार झालेला, आणि नवऱ्यापुढं त्या अवयवाचं नाव तोंडातून निघत नव्हतं. ज्या डॉक्टरांकडं आम्ही आधी गेलो त्यांनी दुधाची गाठ म्हणून मलम दिलं. आई तेव्हा ४८ वर्षांची, आणि तिचं धाकटं पोर कॉलेजला. त्यात आणखी दोन महिने गेले. मग महालक्ष्मी एक्स्प्रेस, परळचं टाटा, दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेतले मुक्काम. २०१२ साली आई गेली.

गाठ तिला घेऊन गेली, हे खरं. पण त्याआधीचे सहा महिने तिच्या गप्प बसण्यानं नेले. सहा महिने एक बाई घरात वावरली, स्वयंपाक केला, पाहुणे जेवू घातले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तुम्ही विचारता, रॅम्पवर चालून गाठ विरघळते का. नाही विरघळत. कुणी तसं म्हटलंही नव्हतं, दादा. पण त्या संध्याकाळी एका कॉलेजच्या मुलीनं डफावर पोवाडा म्हटला आणि त्यात ‘स्तन’ हा शब्द ठसक्यात, सासऱ्यांच्या, दिरांच्या, शेजाऱ्यांच्या समोर म्हटला. न दुखणारी गाठ, काखेतली गाठ, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, त्यातून येणारं रक्त, सगळी लक्षणं तिनं ओळीत बसवली होती. शंभरातला एक रुग्ण पुरुषही असतो, हेसुद्धा. माझ्या आईनं हा पोवाडा २००८ साली ऐकला असता तर? तुम्ही आकडा मागता. माझा आकडा एक आहे.

आणि हौस. ऑपरेशननंतर आई माझ्या चुलतभावाच्या लग्नाला आली नाही. कारण ब्लाऊज. एक बाजू सपाट झाली की ब्लाऊज त्या बाजूनं वर चढतो, खांदा एकीकडं कलतो, साडीचा पदर राहत नाही. तिनं स्वतःच जुन्या रुमालात कापूस आणि वजनाला मूठभर राळं भरून एक गोळा शिवला होता. चालताना तो सरकायचा. तिच्या सासूचा साज तिच्या गळ्यात एका बाजूला ढळायचा. तो तिनं डब्यात ठेवला, तो परत बाहेर काढलाच नाही. डॉक्टरांनी काखेतल्या गाठी काढल्या होत्या, त्यामुळं हातातलं पाणी नीट निचरेना, हात सुजला, आणि कासाराला बोलावून त्या हातातल्या बांगड्या कापाव्या लागल्या. कोल्हापूरच्या बाईचा साज गेला, चुडा गेला, चोळी नीट बसेना. तिच्याकडं उरलेल्या हौसेचा बाजार कोण मांडणार होतं? आपल्याकडं हौसेला मोल नसतं म्हणतात.

म्हणून आमच्या कार्यक्रमात कपडे होते. ते तुम्ही फोटोत नुसते गुलाबी पाहिलेत. आमच्या मंगळवार पेठेतल्या ब्लाऊज शिवणाऱ्या काकींनी दोन महिने खपून ते शिवलेत. आत सुती अस्तराचा खिसा, म्हणजे भरलेला गोळा हलत नाही. हुक पुढं, कारण हात मागं जात नाही. बाहीची मोहरी दोन बोटं सैल, म्हणजे सुजलेला हात आवळत नाही. गळा असा कापलेला की वाकलं तरी व्रण दिसू नये. हे कुठल्या दुकानात तयार मिळतं का, एकदा महाद्वार रोडला विचारून या. माझी मावशी ६३ वर्षांची आहे. २०१६ साली तिला गाठ लागली तेव्हा तिनं दुसऱ्याच दिवशी मला फोन केला, कारण आईच्या उशाशी तीच बसलेली होती. त्या संध्याकाळी ती काकींचा ब्लाऊज घालून, आईचा तो साज घालून चालली. साज सरळ राहिला. मी पुढच्या रांगेत होते, मी तो पाहिला. ह्याला मिरवणं म्हणायचं असेल तर म्हणा. पण मावशीच्या तोंडावर म्हणून दाखवा.

कपड्यांचा आणि या आजाराचा संबंध कोल्हापूरच्या रिकाम्या बायकांनी लावला, असाही तुमच्या बोलण्याचा सूर आहे. वॉशिंग्टन पोस्टच्या फॅशन संपादक नीना हाइड १९९० मध्ये याच आजारानं गेल्या. त्यांचे मित्र, डिझायनर राल्फ लॉरेन यांनी पुढं १९९४ मध्ये तिथल्या फॅशन डिझायनरांच्या संघटनेबरोबर या कॅन्सरसाठी मोहीम सुरू केली. कपडे शिवणारी माणसं तीस वर्षांपूर्वीपासून यात आहेत.

मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचं म्हणालात. तरुण बायकांचं स्तन दाट असतं, त्यात मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते, आणि आपल्याकडं हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं कमी वयात दिसतो. उठलं की मशीन भाड्यानं आणा, इतकं ते सोपं नाही. टाटानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासणी केली, अशा चार फेऱ्या. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले. सगळ्या वयोगटांत मिळून, अशी तपासणी झालेल्या आणि न झालेल्या बायकांच्या मृत्यूंमधला फरक ठळक नव्हता, पण पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. हातानं, दादा. मशीन नाही. सरकारचंही २०१६ पासून धोरण आहे की तिशीपुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्हींची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात व्हावी.

म्हणजे हात आहेत. पण त्या हातांपर्यंत जायचं तर बाईला एका परक्या बाईसमोर हुक काढावे लागतात, आणि त्याआधी घरात कुणाला तरी ‘मला तिथं गाठ लागते’ हे वाक्य म्हणावं लागतं. २०२२ च्या अंदाजानुसार देशात या आजाराच्या १ लाख ९२ हजार नव्या केसेस होत्या आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. या ९८ हजारांत किती जणी माझ्या आईसारख्या गप्प बसल्या असतील? तुमच्या घरातली कुणी हे वाक्य तुमच्यासमोर म्हणू शकेल का, ते आज घरी विचारा. रागानं म्हणत नाही. बरं, थोडं रागानंच म्हणतेय.

बाकी, जागृतीच्या नावाखाली पैसे खाणारे असतात वगैरे जे तुम्ही नंतर दुसऱ्या एकाला उत्तर देताना लिहिलंत, त्यात मला पडायचं नाही. असतील. आम्ही नाही. त्यानंतर किती जणी तपासणीला गेल्या, त्याची यादी माझ्याकडं नाही, आणि असती तरी इथं टाकली नसती. बायका आम्हाला सांगून जात नाहीत, आणि तसं सांगायची सक्ती आम्ही करणारही नाही.

हॉलचं भाडं, अस्तराचं कापड, चहा, डफवाल्या मुलीचा रिक्षाखर्च, सगळं वहीत आहे. काकींनी शिलाई घेतली नाही, तेही वहीत आहे. तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ती आहे तशी राहील. वही बघायची असेल तर मंडळाच्या खोलीवर या. संध्याकाळी पाचनंतर कुणी ना कुणी असतंच. येताना वहिनींनाही घेऊन या, मावशी तिथंच असते.