कार्बन फायबरच्या सायकलला खारी हवा बाधत नाही?

‘कोकणात रोड बाईक घ्यायची तर कार्बनचीच. गंज नाही, देखभाल शून्य!’ असा मेसेज रत्नागिरी-गणपतीपुळे पट्ट्यातल्या सायकलवाल्यांत फिरतोय. गंजाचं खरं आहे, देखभालीचं साफ चूक.

कार्बन गंजत नाही, पण चेन, बेअरिंग आणि बहुतेक बोल्ट पोलादाचेच असतात. शिवाय कार्बन विजेचा वाहक. तो अ‍ॅल्युमिनियमला टेकलेला असला आणि मधे खारं पाणी शिरलं की झीज होते ती अ‍ॅल्युमिनियमची. माझी कार्बनची सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये अशीच जाम झाली होती. कडेला पांढरी भुकटी, आणि सीट तसूभर हलेना. दोन दिवस झटलो तेव्हा निघाली.

ब्रेक-गिअरच्या केबल आत लपवलेल्या सायकली देखण्या दिसतात, मलाही आवडतात. पण हेडसेटमधून, म्हणजे हँडल फिरतं त्या सांध्यातून, केबल जाणाऱ्या अनेक मॉडेलांत वरचं बेअरिंग बदलायचं तरी ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या) सोडावे लागतात, आणि आपल्या हवेत बेअरिंग लवकर जातं. घेण्याआधी हे दुकानात विचाराच.

आरे-वारेच्या किनाऱ्याहून आलात की गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पुसा, चेनला तेल द्या. सीटपोस्ट अधूनमधून काढून कार्बन पेस्ट (पकड देणारी खरखरीत पेस्ट) लावा. कार्बनला साधं ग्रीस नको.