छिंगहाओच्या काढ्याने मलेरिया बरा होत नाही

पावसाळा लागला की एक मजकूर व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरू लागतो. चीनमधल्या छिंगहाओ, म्हणजे आर्टेमिसिया ॲन्युआ या वनस्पतीचा काढा घ्या, मलेरिया मुळापासून जातो. याच काढ्याला नोबेल मिळालं. गोळीत एकच घटक असतो, पाल्यात शेकडो, म्हणून काढा सरस. औषध कंपन्या हे दडवतात. वर, हीच वनस्पती कॅन्सरच्या 98 टक्के पेशी 16 तासांत मारते. यातल्या बहुतेक वाक्यांत खऱ्याचा एखादा तुकडा आहे, म्हणून ती पटतात. पण फॅल्सिपेरम या मलेरियाच्या सर्वांत जीवघेण्या प्रकारात काढ्यावर घालवलेले दोन दिवस जीव घेऊ शकतात, तेव्हा एकेक दावा तपासू.

«नोबेल काढ्याला मिळालं.» नाही. व्हिएतनाम युद्धात उत्तर व्हिएतनामचे सैनिक मलेरियाने बेजार झाले होते, म्हणून 23 मे 1967 रोजी चीनने मलेरियावर औषध शोधण्याचा ‘प्रकल्प 523’ सुरू केला. त्यात चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांच्या गटाने जुन्या वैद्यांचे पाठ चाळले, अर्क काढून उंदरांवर तपासले. छिंगहाओचा अर्क कधी गुण दाखवायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या नोंदीत पाला पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलेला होता. उकळायचं त्यात नव्हतंच. उष्णतेने गुण जात असावा असा तर्क करून तू योयो यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं. 4 ऑक्टोबर 1971 रोजी 191 क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले परजीवी पूर्ण दडपले. पुढच्या वर्षी त्यातलं शुद्ध रसायन हाती आलं, ते आर्टेमिसिनिन. 2015 चं नोबेल या शोधाला आहे. ज्या काढ्याचा गोडवा गायला जातो, तशी उकळण्याची रीत सोडून दिल्यावर हा शोध लागला, हे मजकूर लिहिणारा सांगत नाही.

«पाल्यात औषध असतंच, मग काढा का नको?» इथे थोडं रसायनशास्त्र पाहावं लागेल. आर्टेमिसिनिनच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना जोडलेले असतात. त्याला एन्डोपेरॉक्साइड पूल म्हणतात. परजीवी आपल्या तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन खातो, त्यातून लोहयुक्त हीम सुटतं. ते लोह हा पूल तोडतं आणि त्यातून तयार होणारे अतिक्रियाशील कण परजीवीचीच प्रथिनं निकामी करतात. म्हणजे परजीवीच्या खाण्यातूनच त्याचा घात होतो. पण हा रेणू पाण्यात फार कमी विरघळतो. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत 9 ग्रॅम पाल्याच्या एक लिटर चहात सुमारे 94 मिलिग्रॅम आर्टेमिसिनिन आढळलं, नेहमीच्या दिवसाच्या मात्रेच्या पाचव्या हिश्श्याइतकं. तेही चांगल्या वाणाच्या पाल्यातून. स्वतः तू योयो यांच्या गटाला बीजिंगकडच्या झाडांत हे रसायन नाममात्र आणि सिच्वानकडच्या झाडांत भरपूर आढळलं होतं. घरच्या पातेल्यात किती उतरलं हे कोण मोजणार?

शिवाय ते शरीरात टिकत नाही. रक्तातली मात्रा काही तासांत उतरते, आणि हे रसायन यकृतातली स्वतःलाच मोडणारी यंत्रणा जागी करत असल्याने रोज घेतलं तर रोज कमी उरतं.

«माझ्या ओळखीच्यांचा ताप दुसऱ्याच दिवशी उतरला.» खोटं असेलच असं नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. पुरेशा मात्रेत आर्टेमिसिनिन परजीवींची संख्या दर 48 तासांच्या चक्रात सुमारे दहा हजार पटींनी घटवतं. एवढा झपाटा दुसऱ्या औषधाला नाही. अपुऱ्या मात्रेनेही ताप उतरू शकतो. पण उरलेले परजीवी पुन्हा वाढतात. काँगोमध्ये या चहाची चाचणी झाली तेव्हा पहिल्या आठवड्यात बरे दिसलेल्यांपैकी अनेकांच्या रक्तात काही आठवड्यांत परजीवी परत आले. चहा गोळ्यांपेक्षा सरस असल्याचा दावा करणारा 2019 चा गाजलेला निबंध नियतकालिकाने नंतर मागे घेतला. मजकूर फॉरवर्ड करणाऱ्यांपर्यंत ही बातमी पोचलेली दिसत नाही.

«शेकडो घटकांमुळे परजीवीला प्रतिकार जमत नाही.» हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. एकट्या आर्टेमिसिनिनचा आणि अपुऱ्या मात्रांचा वापर वर्षानुवर्षं होत राहिला, आणि पश्चिम कंबोडियात परजीवी सावकाश मरू लागले. 2014 मध्ये त्यामागचं केल्च-13 हे जनुक ओळखलं गेलं. पुढे रवांडा, युगांडा, टांझानिया इथेही असे परजीवी सापडले. हाच धोका ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्येच आर्टेमिसिनिनची एकेरी गोळी बंद करा असं बजावलं. झटपट मारणारं एक औषध आणि उरलेल्यांना टिपणारं शरीरात टिकणारं दुसरं, अशी जोडीच द्यायची. जोडीदार कमजोर झाला तर तो बदलावा लागतो. ईशान्य भारतात 2013 मध्ये तसा बदल करावा लागला. काढ्यात असा भरवशाचा जोडीदार नाही. संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलं की या वनस्पतीचा पाला कोणत्याही रूपात मलेरियाच्या उपचारासाठी किंवा प्रतिबंधासाठी वापरू नये.

«कंपन्या दडवतात.» सुरुवातीची गुप्तता लष्करी होती. रेणूची रचना 1977 मध्ये चीनने स्वतःच प्रसिद्ध केली. आपल्याकडे लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने या वनस्पतीचे ‘जीवनरक्षा’सारखे वाण विकसित केले. दडवलेल्या गोष्टीची शेती होत नसते.

«वनस्पती आहे, अपाय नाही.» 2008 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात आर्टेमिसिनिनयुक्त पूरक घेणाऱ्या एका माणसाला यकृतदाह झाल्याची नोंद आहे.

«98 टक्के कॅन्सर 16 तासांत.» आकडा खरा आहे, संदर्भ कापलेला आहे. 2001 मधला हा प्रयोग काचेच्या बशीत वाढवलेल्या स्तनाच्या कर्करोगपेशींवर झाला, ट्रान्सफेरिन हे लोह वाहून नेणारं प्रथिन लोहासह आधी देऊन, नंतर आर्टेमिसिनिनपासून बनणारं शुद्ध डायहायड्रोआर्टेमिसिनिन घालून. कल्पना चांगली होती: कर्करोगपेशी लोह जास्त शोषतात, म्हणून तोच पूल तिथे फुटेल. तिच्यावर संशोधन चालू राहायला हवंच. पण बशीतल्या पेशींना शरीर नसतं. काढा पिऊन गाठ गेल्याचं त्या प्रयोगाने सांगितलेलं नाही, आणि त्या आशेवर केमोथेरपी सोडणाऱ्याची वेळ परत आणता येत नाही.

आता आपल्याकडचा एक घोटाळा. आर्टेमिसिया वाचून काही जण पुरंदर भागात पिकणाऱ्या, जोतिबाला वाहिल्या जाणाऱ्या दवण्याचा काढा सुचवतात. दवणा त्याच कुळातला, पण ती आर्टेमिसिया पॅलेन्स. तिचा सुगंध दव्हॅनोन नावाच्या रसायनाचा, आणि मलेरियाची औषधं तिच्यापासून बनत नाहीत.

याच छिंगहाओपासून बनणाऱ्या आर्टेसुनेट इंजेक्शनने भारतासह चार आशियाई देशांतल्या 2005 च्या चाचणीत गंभीर मलेरियाचे मृत्यू क्विनाइन या जुन्या औषधाच्या तुलनेत 22 वरून 15 टक्क्यांवर आणले. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात थंडी वाजून ताप आला तर आशाताईकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. तपासणी आणि गोळ्या दोन्ही मोफत आहेत. फॅल्सिपेरम निघाला तर दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी तीन दिवसांच्या गोळ्या पुऱ्या करा.