लिंबाचा सामू 9.9 नाही

2020 च्या टाळेबंदीत व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश घरोघरी फिरला. करोना विषाणूचा सामू (pH) 5.5 ते 8.5 असतो, म्हणून त्याहून अधिक सामूचे 'अल्कलाइन' (आम्लारिधर्मी) पदार्थ खाल्ले की विषाणू मरतो, असे सांगून खाली यादी दिली होती: लिंबू 9.9, आंबा 8.7, अननस 12.7, लसूण 13.2, डँडेलियन (एक रानफूल) 22.7. अशा यादीमुळे विद्यार्थ्यांच्या मनातली सामूची मूळ कल्पनाच बिघडते, म्हणून तिला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

'विषाणूचा सामू' हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे. सामू हे पाण्यातील द्रावणात हायड्रोजन आयन किती आहेत याचे माप आहे; ते जितके जास्त तितका सामू कमी, 7 च्या खाली द्रावण आम्लधर्मी आणि 7 च्या वर आम्लारिधर्मी. विषाणू हा कण आहे, द्रावण नव्हे. तो ज्या द्रवात आहे, त्याचा सामू मोजता येतो, एवढेच.

लिंबाचा आकडा तर घरीच तपासता येतो. पांढऱ्या कापडावर हळदीचा डाग पाडा आणि त्यावर कपड्यांचा साबण चोळा; साबण आम्लारिधर्मी असल्याने डाग लालसर होईल. आता त्याच लाल डागावर लिंबू पिळा, तो पुन्हा पिवळा होतो. लिंबाचा सामू खरोखर 9.9 असता तर डाग लालच राहिला असता. प्रत्यक्षात लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 2.6 च्या आसपास असतो. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी 1909 मध्ये मांडलेली ही मोजपट्टी लॉगरिदमवर आधारलेली असल्यामुळे तिच्यावरचे प्रत्येक एकक म्हणजे दहापट फरक; रसाचा सामू 2.3 धरला, तर हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात संदेशाची चूक सुमारे 4 कोटी पटींची आहे. अननसही आम्लधर्मीच आहे. चुन्याच्या संपृक्त निवळीचा सामू 12.4 च्या जवळ असतो आणि पानात चुना जास्त झाला की तोंड कसे भाजते हे आपण जाणतो, 12.7 सामूचे अननस कोणाला खाता आले असते?

22.7 या आकड्याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. सामू 14 वर थांबतो असे शाळेत सांगतात, ते काटेकोरपणे खरे नाही. कॉस्टिक सोड्याच्या अतिसंहत द्रावणाचा सामू त्याच्या थोडा वर जाऊ शकतो. परंतु 22.7 साठी 25 अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे 50 कोटी मोल (मोल म्हणजे कणांची संख्या मोजण्याचे रसायनशास्त्रातील एकक) हायड्रॉक्साइड आयन, म्हणजे आम्लारिधर्म देणारे आयन, लागतील, आणि एक लिटर शुद्ध पाण्यात पाण्याचे रेणूच जेमतेम 55 मोल असतात. असा पदार्थ अस्तित्वातच असू शकत नाही.

राहिला मुद्दा 'शरीर अल्कलाइन करण्याचा'. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात राहतो, कारण रक्तातील बायकार्बोनेटचा बफर (सामू फारसा बदलू न देणारी व्यवस्था), कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकणारी फुप्फुसे आणि मूत्रपिंडे तो तिथे सांभाळून ठेवतात. लिंबू आंबट असले तरी शरीरात गेल्यावर अल्कलाइन होते, या म्हणण्यात मात्र थोडे तथ्य आहे: फळांतील सायट्रेट क्षारांचे चयापचयात बायकार्बोनेट होते. पण हा फरक दिसतो तो लघवीच्या सामूत, रक्ताच्या नव्हे; म्हणूनच काही प्रकारच्या मुतखड्यांवर डॉक्टर पोटॅशिअम सायट्रेट देतात.