दगडूला दगडू का म्हणत असत

गेल्या काही महिन्यांपासून बडोद्यातल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक संदेश फिरतो आहे आणि तो आतापर्यंत मला पाच वेगवेगळ्या नातेवाइकांनी पाठवला आहे. संदेशाचा आशय असा की, शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या घरात वाढणारे मूल आजच्या मुलापेक्षा निरोगी आणि सुखी होते. घरचे शुद्ध अन्न खाऊन माणसे सहज नव्वदी गाठत आणि वैद्याची पायरी चढत नसत. कर्ज आणि हप्ते कोणाला ठाऊक नव्हते. शाळेचे ओझे नसल्यामुळे मुले शेतातच सारे काही शिकत. आणि याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे शाळेचे तोंड न पाहता शेतकऱ्याच्या घरातून उठून राजे झालेले आपले सयाजीराव महाराज. मजकुराखाली काळ्या घोड्यावरच्या महाराजांच्या पुतळ्याचे छायाचित्र जोडलेले असल्यामुळे तो आपल्याच गावचा, म्हणून खराही वाटतो.

या संदेशातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मला तपासून पाहता येते, कारण माझ्या आजीचे बालपण नेमके त्याच काळातले आणि तशाच घरातले. तिच्या आजोबांना गायकवाडी पागेतल्या नोकरीबद्दल डभोईच्या बाजूला थोडी जमीन मिळाली होती. पुढे नोकरी गेली, जमीन राहिली आणि घर शेतकऱ्याचे झाले. आजी त्या घराविषयी मायेने बोलत असे, पण संदेशात आहे तसे ती कधीही बोलली नाही.

आरोग्याचे विधान प्रथम घेतो, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. आजीला एकूण दहा भावंडे झाली आणि त्यांतली चार मोठी झाली. तिच्या थोरल्या भावाच्या आधीची दोन मुले गेल्यामुळे त्याचे नाव दगडू ठेवले होते आणि त्याच्या पाठच्या भावाचे केरू. जुन्या मराठी घरांच्या वंशावळी ज्यांनी चाळल्या आहेत त्यांना धोंडू, दगडू, केरबा, उकिर्डा, भिकू ही नावे किती वेळा येतात ते माहीत असेल. मूल दगड म्हटले की मृत्यू त्याला हात लावणार नाही, केर म्हटले की दृष्ट लागणार नाही, भीक मागून आणलेले म्हटले की ते आपले नाहीच, अशी ती समजूत होती. आमच्या शेजारच्या गुजराती घरांत याच कारणासाठी कचरो आणि पुंजो ही नावे ठेवत असत. कित्येक घरांत मुलाचे नाक टोचून त्याला मुलगी भासवत. ज्या समाजात मुले सहसा आजारी पडत नाहीत आणि माणसे सहज नव्वदी गाठतात, त्या समाजाला पोटच्या पोराला उकिरडा म्हणण्याची गरज का पडावी, याचे उत्तर संदेशाच्या लेखकाने द्यावे.

आकडेही हेच सांगतात. जनगणनांवरून काढलेले हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान १९०१ ते १९११ या दशकात सुमारे २३ वर्षे होते आणि त्यापुढच्या दशकात ते सुमारे २० वर्षांवर उतरले. हजार जन्मांमागे दोनशेहून अधिक बालके पहिल्या वाढदिवसाच्या आत दगावत. येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण याच आकड्याचा विपर्यास उलट्या बाजूनेही होतो. सरासरी २३ याचा अर्थ माणसे तेविसाव्या वर्षी म्हातारी होऊन मरत होती असा नाही. बालपणातच इतकी मुले जात होती की सरासरी तळाला गेली. जे बालपणातून आणि साथींमधून वाचले त्यांतले काही खरोखर ऐंशी-नव्वद वर्षे जगले, आणि आपल्याला आठवतात ते तेच. संदेश पाठवणाऱ्याचे पणजोबा नव्वद वर्षे जगले यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्यांच्या पाठची भावंडे किती जगली, हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नसतो.

त्या काळातले आजारही अमूर्त नव्हते. १८९६ मध्ये मुंबईत आलेली गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ लवकरच गुजरातेत पोहोचली आणि घरात उंदीर पडले की सगळे गाव शेतात झोपड्या बांधून राहू लागे. १९१८ च्या पावसाळ्यानंतर मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली, आणि तीही पाऊस दगा देऊन गेलेल्या वर्षी. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. घरातली सगळी मोठी माणसे एकाच वेळी अंथरुणाला खिळली होती आणि गुरांना पाणी पाजायला ती आणि केरूच तेवढी उभी होती, हे ती सांगत असे. देवीच्या रोगाचे भय तर इतके खोल होते की त्याचा सण झाला. आमच्या घरी गुजराती पद्धतीने आदल्या दिवशी, रांधण छठीला, सगळा स्वयंपाक करून ठेवत आणि शीतळा सातमीला चूल पेटवत नसत. आजी त्या थंड चुलीला हळदकुंकू वाहत असे आणि तोंडावर व्रण असलेल्या आपल्या आईची आठवण काढत असे. मुलांना देवी टोचून घेण्याच्या बाबतीत मात्र तीच आजी घरात सर्वांत आग्रही होती. तिला दोहोंत विसंगती दिसत नव्हती आणि मलाही दिसत नाही.

पाण्याविषयी एकच गोष्ट लिहितो. संदेशात ‘वावेचे अमृतासारखे पाणी’ असे शब्द आहेत. गुजरातच्या वावा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, देखण्या आहेत, पण त्या पायऱ्या उतरून माणसे गुडघाभर पाण्यात उभी राहत असल्यामुळेच तेथून नारू पसरत असे. पायाला फोड येऊन त्यातून दोरीसारखा जंत बाहेर येई आणि तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळावा लागे. घाईने ओढल्यास तो तुटून पाय सडे. नेमका पेरणीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस असा आडवा झाला म्हणजे काय होत असेल, हे शेतकऱ्याला सांगण्याची आवश्यकता नाही.

आता अन्नाचा मुद्दा. त्या काळी शेतात रासायनिक खते आणि फवारण्या नव्हत्या, हे संदेशातले विधान बरोबर आहे आणि त्याबद्दल माझा वाद नाही. परंतु शुद्ध असणे आणि पुरेसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बडोद्याच्या दक्षिणेकडचा कानम प्रदेश कापसाचा, पेटलादकडचा चरोतर तंबाखूचा. म्हणजे चांगल्या जमिनीत बाजारासाठी पीक निघत होते आणि घरात खायला बहुधा बाजरी, ज्वारी, हलक्या रानातला कोदरा हे भरड धान्य. कोदरा ओलसर राहिला तर खाणाऱ्याला घेरी येते, हे आजीच्या घरात प्रत्येकाने अनुभवाने शिकलेले होते. दूध घरचे होते, पण लोणी कढवून तूप पेठेत जाई आणि मुलांच्या वाट्याला ताक येई. संदेशातल्या ‘तुपाच्या धारा’ आजीच्या घरी फक्त श्राद्धाच्या दिवशी वाहत असत.

शिवाय हे सगळे पाऊस आला तर. संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली, पाऊस आला नाही. गुजरात तोपर्यंत दुष्काळापासून बराच सुरक्षित समजला जात असे, त्यामुळे छप्पनियाने, म्हणजे छप्पन सालच्या या दुष्काळाने, त्याला बेसावध गाठले. चारा संपला, गुरे मोठ्या संख्येने मेली, आणि भुकेपाठोपाठ पटकी (कॉलरा) आली. बडोदा संस्थानाची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे २४ लाख होती, ती १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. म्हणजे दर पाच माणसांमागे जवळजवळ एक कमी झाला. पुढच्या दशकात जन्मलेली मुले अशा घरांत वाढली जिथे गोठा नुकताच रिकामा झाला होता आणि नवी बैलजोडी घेण्यासाठी सावकाराकडे जावे लागले होते.

त्यामुळे कर्जाचा मुद्दा आपोआप निकालात निघतो. हप्ता हा शब्दच मुळात शेतकऱ्याच्या ओळखीचा. सरकारसारा हप्त्यांनी आणि रोख भरावा लागे, आणि पीक हाती येताच सगळे एकदम विकायला निघत असल्यामुळे भाव पडलेला असे. शेजारच्या इंग्रजी खेडा जिल्ह्यात १९१८ मध्ये सत्याग्रह झाला तो याच कारणावरून. चार आण्यांपेक्षा, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या चौथाईपेक्षा, कमी पीक आले तर सारा तहकूब करण्याचा नियम होता, पीक चार आण्यांच्या खाली आहे असे शेतकरी म्हणत होते आणि अधिकारी ते मान्य करत नव्हते. सारा भरायला कर्ज, बैलाला कर्ज, लग्नाला आणि बाराव्याला कर्ज, अशी ती साखळी होती. बँकेचा संदेश येत नव्हता एवढेच खरे. सावकाराचा माणूस खळ्यावर येऊन बसत असे.

शाळेविषयीचे विधान अधिक सावधपणे तपासले पाहिजे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. शेतातली मुले पुष्कळ शिकत होती. केरूमामांना बैलाच्या चालीवरून खूर दुखतो की खांदा, ते सांगता येत असे, आणि मातीचे ढेकूळ मुठीत दाबून पेरणीचा दिवस ठरवता येत असे. हे ज्ञान खरे होते. पण मुलांना शेतात ज्या कामासाठी नेत, ते शिकवण्यासाठी नेत नसत. हात कमी पडत म्हणून नेत. ज्वारी हुरड्यावर आली की मचाणावर गोफण घेऊन दिवसभर पाखरे हाकायची, आणि कापूस फुटला की दंव असतानाच वेचायला लागायचे, कारण उन्हाने पाने वाळली की त्यांचा चुरा कापसात मिसळतो आणि भाव उतरतो. वाळलेल्या बोंडाची टोके नखाच्या कडेला टोचून बोटांतून रक्त येते. आजी म्हातारपणी वाती वळताना तिची बोटे मी पाहिली आहेत; तर्जनीच्या नखाशेजारची कातडी शेवटपर्यंत जाड आणि चिरलेली होती.

मुलींच्या वाट्याला याखेरीज दळण आणि पाणी होते. संदेशात पहाटेच्या जात्यावरच्या ओव्यांचे वर्णन मोठ्या हौसेने केले आहे. ओव्या सुंदर आहेतच, पण त्यांतल्या निम्म्या ओव्या माहेरच्या ओढीच्या आणि सासरच्या कष्टांच्या का आहेत, हे त्या नीट ऐकल्या असत्या तर कळले असते. बडोदा संस्थानात १९०४ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा झाला आणि मुलीचे किमान वय बारा, मुलाचे सोळा ठरले. संस्थानाच्याच कडी प्रांतातल्या कडवा पाटीदार या शेतकरी जातीत तेव्हा उंझ्याच्या देवीचा कौल घेऊन नऊ ते अकरा वर्षांतून एकदाच लग्नतिथी निघत असल्यामुळे तान्ह्या मुलांचीही लग्ने उरकून घेत. हे वाचून आपण मराठी लोकांनी नाक वर करण्याचे कारण नाही. आजीचे लग्न अकराव्या वर्षी झाले आणि कागदावर तिचे वय बारा लिहिले होते.

राहता राहिले सयाजीराव महाराज. ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे येथे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला गोपाळ बारा वर्षांचा असताना १८७५ मध्ये दत्तक म्हणून बडोद्यास आला, तेव्हा त्याला लिहिण्यावाचण्याची जवळजवळ ओळख नव्हती, इथपर्यंत संदेश बरोबर आहे. पुढचे मात्र गाळले आहे. त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा उघडण्यात आली, इलियट यांना शिक्षक नेमण्यात आले, मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा त्यांना शिकवण्यात आल्या, आणि सहा वर्षे असे शिकल्यावर १८८१ च्या अखेरीस त्यांच्या हाती राज्यकारभार आला. तोपर्यंत तो दिवाण टी. माधवराव पाहत होते. शाळेवाचून राजा झालेला माणूस हा नव्हे. बारा वर्षे शाळेवाचून गेली म्हणून दुप्पट वेगाने शिकावे लागलेला हा मुलगा आहे.

आणि त्यांनी राज्य हाती आल्यावर काय केले, ते तर संदेशाच्या अगदी विरुद्ध आहे. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू झाले. मुलांना सात ते बारा आणि मुलींना सात ते दहा या वयात शाळेत पाठवणे बंधनकारक झाले आणि न पाठवणाऱ्या पालकाला दंड बसू लागला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. १९१० नंतर अमेरिकेहून आलेल्या बॉर्डन यांच्या देखरेखीखाली ग्रंथालयांची उभारणी झाली आणि पुस्तकांच्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या.

दंडाची ही पद्धत निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. हंगामात मुलाचे दोन हात गेले तर नुकसान दंडापेक्षा मोठे होते, त्यामुळे कित्येक बाप दंड भरून मुलाला रानात ठेवत, आणि गरीब शेतकऱ्यावर तो आणखी एक कर होऊन बसला. आजीच्या वडिलांनी एका वर्षी दंड भरला आणि दुसऱ्या वर्षी तो परवडेना म्हणून केरूला शाळेत घातले. दगडूची वयोमर्यादा तोवर उलटून गेली होती. पुढे १९३० च्या सुमारास त्या जमिनीची वाटणी झाली, त्या कागदाची प्रत आमच्या घरी आहे. त्यावर धाकट्याची मोडी अक्षरातली, थोडी तिरकी पण पूर्ण सही आहे, आणि तिच्या वर, थोरल्याच्या नावापुढे, डाव्या अंगठ्याचा निळा ठसा.