पिंपाचा सीमाप्रश्न

तात्यांच्या उजव्या तर्जनीचा ठसा आमच्या पिंपावर इतका स्वच्छ उमटलाय, की आधारवाल्यांनी मशीन घरी ठेवून यावं.

पिंप मोडीवाल्याकडचं. खडेबाजारालगतच्या एका बोळात दिसलं. स्टीलचं, तोटीचं, एका अंगाला पोचा आलेलं, म्हणून किलोच्या भावानं मिळालं. पोचा झाकायला रंग द्यायचा ठरवला. स्टीलवर रंग सुखासुखी धरत नाही. पॉलिश पेपरनं घासून सगळी चकाकी घालवायची, टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसायचं, प्रायमरचा एक हात, वाळला की ऑइल पेंटचे दोन. तोटीला चिकटपट्टी. आत मात्र थेंबभरही रंग नाही, पाणी प्यायचंय त्यातलं. घासून घासून माझी नखं गेली. घरात कुणी विचारलं नाही. वास सुटल्यावर मात्र सगळ्यांना माझी आठवण झाली.

रंग विकत आणला नाही. चौकटीचा पिवळा आणि तुळशीकट्ट्याचा तांबडा, असे दोन अर्धे डबे माळ्यावर होते. वर पिवळा मारला, खाली तांबडा. झकास दिसलं. बेळगावात राहून असले रंग सुचतात तरी कसे, असं आता गल्ली म्हणते. गल्लीचं काय जातं? नवा डबा आणायचा तर माझ्या पैशानं.

पाऊस धरलेला, म्हणून पिंप पडवीत वाळत ठेवलं. जुलैत बेळगावात चड्डीसुद्धा वाळत नाही, तिथं ऑइल पेंट काय वाळणार! तेवढ्यात तात्या पेपर मागायला आले. दर एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणून दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत जाणारे तात्या. गुडघे गेल्यापासून सायकल ढकलत जातात, पण जातात.

"हे काय गे?"

"पिंप, तात्या."

"पिंप दिसालंय मला. वर पिवळा, खाली तांबडा. कुणाचा झेंडा हा?"

"झेंडा कुठला? पाण्याचं पिंप की हो."

"कर्नाटकाचा लाल-पिवळा दारात मांडलीस आणि पाणी म्हणालीस?"

"हळदीकुंकवाचे रंग आहेत ते."

"ते पण तेच म्हणतात!"

यावर मला काही बोलता येईना. तात्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि पिंपाभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"भगवा लाव."

"भगवा डबा नाही घरात."

"पिवळ्यात तांबडा ओतला की काय होतंय?"

मी गप्प.

"भगवाच होतंय की गे! दोन्ही डबे तुझ्याकडंच हायत, आणि तू बसलीस वरखाली करत."

पुरावा म्हणून त्यांनी पिवळा संपून तांबडा सुरू होतो बरोबर त्या रेघेवर बोट टेकवलं आणि तांबडा वर ओढला. भगवा कसला, मुरलेल्या लोणच्याच्या खारासारखा ओघळ झाला. तात्या मात्र खूश. "बघ, आलाय का नाही?"

इतक्यात मीटर बघायला आलेला पोरगा दारात थबकला. "भाळ चलो माडीरी अक्का!" म्हणजे फार छान केलंत. राज्योत्सवाची तयारी एवढ्या लवकर, म्हणून त्याला कोण कौतुक! फोटोच काढायला निघाला. आता जुंपणार म्हणून मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. तर तात्या अस्खलित कन्नडात त्याला गाव विचारते झाले. पोरगा बैलहोंगलचा. मग तिकडचा पाऊस, सोयाबीन, त्याच्या मामाची म्हैस. माझा चहा दोघांनी प्याला. एकमत झालं ते एवढ्यावर, की तोटी गळणार. मीटर राहिलं ते राहिलंच. आता सरासरीचं बिल येईल, ते भरायचं मी.

१९५६ साली आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात घातलं. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे. २०१४ साली बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हा पेंटरांची तेवढी चांदी झाली. दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा किती मोठी, ते सरकार ठरवतं. जमिनीचा उतारा कन्नडात हातात पडला, तेव्हा तो वाचून द्यायला मी तीन दारं फिरले. एकालाही वेळ नव्हता. आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या पिंपाला कुठला रंग, यावर मात्र वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला मत. ब्रश धरायला एक जण पुढं येईल तर शपथ.

जाताना तात्यांनी बोट पुसलं ते आमच्या पडद्याला. पांढऱ्या. ऑइल पेंट साबणानं निघत नाही, आणि टर्पेंटाइन लावलं तर डाग आणखी पसरला. नव्या पडद्याचे पैसे मुंबईकडं मागायचे की बेंगळुरूकडं, तेवढं तरी कोर्टानं लवकर सांगावं.