अंडं तरंगलं की समुद्र झाला म्हणे!

‘घरच्या घरी समुद्राचं पाणी, फक्त वीस रुपयांत’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. ताईने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, “बघ रे, आणि आमचे चिरंजीव मिठाच्या बादलीवर हजारो रुपये घालवतायत.” भाच्याने नुकतीच शंभर लिटरची प्रवाळांची टाकी लावली आहे, तिला समुद्राचं पाणी बनवायला बादलीतून मिळणारं खास तयार मीठ लागतं, त्यामुळे हसून सोडून द्यायची सोय राहिली नाही.

मेसेजमधली कृती अशी. बोअरच्या किंवा प्युरिफायरच्या पाण्यात खडे मीठ घालत जा, कच्चं अंडं तरंगलं की थांबा. मग कॅल्शियमसाठी पानाचा चुना, वर दोन चमचे खायचा सोडा आणि टाकीत मालवणहून आणलेला प्रवाळाचा तुकडा. तयार मीठ विकणाऱ्या कंपन्या लुटतात, हे ओघाने आलंच.

आधी अंड्याचं बघू. ताजं अंडं समुद्राच्या पाण्यात तरंगत नाही, बुडतं. समुद्राच्या पाण्याची घनता साधारण १.०२५, ताज्या अंड्याची १.०८ च्या आसपास. ते वर यायचं तर लिटरमागे शंभर ग्रॅमच्या वर मीठ लागतं. समुद्रात असतं ३५ च्या आसपास. म्हणजे या हिशेबाने टाकी समुद्राच्या तिप्पट खारट होणार. विश्वास नसेल तर ओट्यावर करून बघा, मी केलं. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवलं, अंडं तळाशी आडवं पडून राहिलं. आणखी मीठ घालत, ढवळत गेलो. अंडं तळ सोडून उठलं तोवर पातेल्यात लोणच्याचा खार तयार झाला होता. बरं, अंडं शिळं असेल तर आतली हवेची पोकळी वाढते आणि ते नळाच्या साध्या पाण्यातही तरंगतं. मग तुमच्या टाकीची क्षारता ठरवणार कोण, तर अंडीवाला!

ही युक्ती मुळात भाताच्या बियाण्याची आहे. कोकणात १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्क्यांचं द्रावण सांगतात, वर तरंगणारं पोकळ बी फेकून द्यायचं. काही प्रांतांत याहून दाट द्रावण करतात आणि त्याला अंड्याची परीक्षा लावतात. बियाण्याला ते चालतं, कारण नंतर ते स्वच्छ पाण्याने धुतात. माशाला कुठे धुणार?

क्षारता मोजायची तर रिफ्रॅक्टोमीटर घ्या (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून ती दाखवतो), ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर त्याचा आकडा जुळवून घ्या आणि काच पुसून दोन थेंब टाकून बघा. पिण्याच्या पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएसचं पेन इथे कामाचं नाही, समुद्राचा आकडा त्याच्या आवाक्याबाहेर असतो.

आता खडे मीठ. “तेही समुद्रातूनच येतं ना?” हा प्रश्न ताईनेही विचारला, आणि तो वेडगळ नाही. पण मिठागरात काय होतं ते बघा. पाणी आटत जातं तसा आधी चुनखडी बसते, मग जिप्सम, म्हणजे कॅल्शियम गेलं. त्यानंतर मीठ बसतं, आणि वर उरलेलं कडवट पाणी काढून टाकतात. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम त्या पाण्याबरोबर जातं. प्रवाळाला सांगाडा बांधायला जे हवं, नेमकं तेच वगळून आपल्या हातात मीठ येतं. जेवणासाठी उत्तम, रीफसाठी, म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठी, निरुपयोगी.

समुद्राचं पाणी खरोखर घरी बनवायचं असेल तर त्याची कृती गुपित नाही. १९६७ साली केस्टर, ड्यूडॉल, कॉनर्स आणि पिटकोविच या चौघांनी ती ‘लिम्नॉलॉजी अँड ओशनोग्राफी’ या नियतकालिकात छापली. किलोभर पाण्यात साधं मीठ सुमारे २४ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइडचे स्फटिक जवळजवळ ११ ग्रॅम, सोडियम सल्फेट ४, कॅल्शियम क्लोराइड दीड, पोटॅशियम क्लोराइड पाऊण ग्रॅमच्या आत. शिवाय सोडा, ब्रोमाइड, बोरिक अॅसिड, फ्लोराइड, स्ट्रॉन्शियम. दहा पदार्थ झाले. वीस रुपयांत आणून दाखवा.

त्या यादीत सोडा आहे, हे कबूल. शंभर लिटरला २० ग्रॅमच्या आसपास पडतो, म्हणजे मेसेजमधले दोन चमचे उलट कमीच. चुन्यातही तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. जुनेजाणते रीफवाले कॅल्शियमसाठी चुन्याची निवळी खरंच वापरतात. पण वरचं नितळ पाणी, तेही थेंबथेंब, बहुतेक रात्री. तिचा पीएच १२ च्या वर असतो. पानाच्या डबीतला चुना बोटाने काढून टाकीत कालवलात, तर पीएच एकदम वर उडेल आणि पाणी पांढरं होईल.

बोअरच्या पाण्यात नायट्रेट, सिलिका, काय काय असतं. घरच्या प्युरिफायरमध्ये चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात किंवा खनिजं घालतात. इथे टीडीएस शून्य दाखवणारं पाणी लागतं, आरओच्या पुढे डीआय, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणारी राळ, लावलेलं. (टीडीएसचं पेन वापरायचं ते इथे.) तयार मीठ मिसळताना पाणी आधी, मीठ नंतर, हळूहळू, पंप चालू ठेवून. उलट केलंत तर बादलीच्या तळाशी कॅल्शियम पांढरं होऊन बसतं आणि मग परत विरघळत नाही.

लुटीबद्दल म्हणाल तर बादली महाग आहेच, बरीचशी बाहेरून येते. परवडत नसेल तर टाकी लहान करा किंवा गोड्या पाण्याचे मासे पाळा, त्यांचंही छान चालतं.

राहिला मालवणचा तुकडा. समुद्रात रीफ, म्हणजे प्रवाळांचे खडक, बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावरून ती तोडून आणणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. ताईला मी एवढंच कळवलं, तिने ग्रुपवरून मेसेज काढून टाकला. तो आधीच पुढे पाठवलेल्यांनी निदान हे वाक्य तरी मागोमाग पाठवावं.